उजव्या डोळ्यातला ठिपका

कॅलेंडरावरचा सतरा तारखेचा आकडा पुन्हा गेला.

शिवांजलीनं डावा डोळा तळहातानं झाकला होता आणि नुसत्या उजव्यानं ती स्वयंपाकघराच्या भिंतीकडं बघत होती. सतरावर नजर रोखली की सतरा नाहीसा व्हायचा. त्याच्या जागी राखाडी, धुरकट ठिपका. शेजारचे सोळा आणि अठरा तेवढे शाबूत. नजर अठरावर नेली की सतरा परत यायचा आणि अठरा जायचा. जिथं बघावं नेमकं तिथंच काही नाही. सकाळपासून तिनं हे दहा-बारा वेळा तरी करून पाहिलं होतं.

"काय मोजतीयास गं?" आईनं भाकरी थापता थापता विचारलं.

"सव्वीसला मुलाखत हाय न्हवं. किती दिस राहिलं ते बघतीय."

ते खोटं नव्हतं. बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.च्या दोन जागा निघाल्या होत्या. विषय शिवांजलीच्या जिव्हाळ्याचा, एकेका रेणूची जैवभौतिकी. देशभरातून अर्ज गेले होते, आणि मुलाखतीला बोलावलेल्या अकरा जणांत कडेगावच्या धनाजी यादवांची ही मुलगी होती. आईला तिनं एकदा समजावून सांगितलं होतं, की आपल्या पेशीत काही प्रथिनं हमालासारखी ओझी घेऊन चालतात. लाखोंचा घोळका बघून काही कळत नाही, म्हणून त्यातलं एकच धरायचं आणि त्याचं पाऊल न् पाऊल मोजायचं. "एवढं बारीक धरता कशानं?" आईनं विचारलं होतं. "उजेडाच्या चिमट्यानं," शिवांजली म्हणाली होती, आणि आई हसली होती.

तो उजेड डोळ्याला दिसत नाही, हे मात्र तिनं आईला सांगितलं नव्हतं.

घडलं ते गुरुवारी, चौदा मेला, दुपारी साडेतीनच्या सुमाराला. पुण्याच्या ज्या प्रयोगशाळेत ती एम.एस्सी.नंतर वर्षभर काम करत होती, तिथं लेझर उघडा असताना दोन माणसं हजर हवीत आणि दोघांच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मे हवेत, असा नियम होता. रजिस्टरवर दुसरी सही वीरधवलची होती. वीरधवल तिचा सीनियर, कराडचा. त्यानंच तिला हाताला धरून सगळं शिकवलं होतं. "दहा मिनिटांत चहा घेऊन आलो," म्हणून तो खाली गेला. चष्म्याच्या हिरवट काचेतून संगणकाचा पडदा नीट दिसेना, म्हणून शिवांजलीनं चष्मा कपाळावर सरकवला होता. तेवढ्यात एक बारका स्क्रू टेबलाखाली पडला. ती वाकली, आणि वाकताना डोळा टेबलावरच्या किरणाच्या पातळीला आला.

प्रकाश चमकला नाही. आवाज झाला नाही. दुखलंसुद्धा नाही. तिनं स्क्रू उचलला, सरळ उभी राहिली आणि पडद्याकडं पाहिलं, तर पडद्यावर मधोमध डाग. तिनं ओढणीनं पडदा पुसला. डाग गेला नाही. पुन्हा पुसला. मग तिनं भिंतीकडं पाहिलं. डाग भिंतीवर आला होता.

वीरधवल वर आला तेव्हा ती अजून भिंतीकडंच बघत होती. त्यानं ऐकलं आणि आधी लेझर बंद केला. "पाणी मार डोळ्यावर. रात्रभर विश्रांती घे, सकाळपर्यंत जाईल," तो म्हणाला. पण त्याचा स्वतःचा चेहरा पांढराफटक झाला होता. सकाळी डाग गेला नव्हता. मुलाखतीच्या अभ्यासासाठी रजा म्हणून सांगून तिनं कडेगावची एस.टी. धरली.

आणि आता रविवार होता.

दोन्ही डोळे उघडे असले की डावा डोळा उजव्याचं भागवून न्यायचा. चालताना, जेवताना काही जाणवायचं नाही. पण वाचायला घेतलं की अक्षरांवर धूर तरंगायचा, म्हणून ती उजवा डोळा मिटून वाचायची. जाहिरातीतलं एक वाक्य तिला पाठ झालं होतं. 'उमेदवाराला सूक्ष्मदर्शकाची आणि लेझरची जोडणी स्वतः करावी लागेल.' डॉक्टरकडं जायचं तर काय झालं ते सांगावं लागणार. सांगितलं की लिहून येणार. लिहून आलं की लॅबच्या सरांना, शिफारसपत्र देणाऱ्यांना, कळणार, वीरधवल अडकणार, बंगळूरला कळणार. आणि नाही गेलं, तर आत डोळ्यात काय चाललंय ते कुणालाच कळणार नाही.

संध्याकाळी अण्णांनी, तिच्या वडिलांनी, तिला विहिरीवर हाक मारली. धनाजी यादव सतरा वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आता दोन एकर ऊस आणि एक मोटर एवढा त्यांचा व्याप.

"शिवू, मोटरीच्या ह्या पाटीवरचा नंबर वाच गं. दुकानदाराला सांगायचाय."

तिनं नंबर वाचून दाखवला. अण्णांनी तो लिहून घेतला नाही. ते तिच्याकडंच बघत होते.

"रायफल धरल्यावर माणूस डावा डोळा मिटतो," ते म्हणाले. "तू दोन दिस झालं उजवा मिटतीयास."

"कचरा गेलाय, अण्णा."

"मग चोळत का न्हाईस?"

अण्णांनी पाटीवरची धूळ पुसली आणि मोटर चालू केली. पुढं काही विचारलं नाही. त्यामुळं तिला जास्तच भीती वाटली.

सोमवारी कागदपत्रांच्या झेरॉक्स काढायच्या म्हणून ती कराडला गेली. वीरधवल शनिवारीच घरी आला होता आणि त्यानंच बोलावलं होतं. एस.टी. स्टँडजवळच्या एका हॉटेलात तो कोपऱ्यातल्या टेबलावर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"कमी झालं का?" त्यानं विचारलं.

"नाही."

त्यानं दोन चहा सांगितले. मग एकदम बोलायला लागला. "शिवांजली, जुलैत माझा थीसिस जमा व्हायचाय. पाच वर्षं दहा महिने झाले. हे बाहेर आलं तर चौकशी बसेल, लॅबला कुलूप लागेल. रजिस्टरवर सही माझी आहे आणि मी तिथं नव्हतो. तू सांगूच नको, असं मी म्हणत नाही. तुझी मुलाखत होऊ दे, माझं सबमिशन होऊ दे. मग सांग."

"आणि डॉक्टरला काय सांगू?"

"सांग वेल्डिंग बघितलं म्हणून. गावाकडं सगळीकडं चाललेलं असतं." हे बोलताना त्याची मान खाली होती.

"जूनमध्ये ती नवीन मुलगी येणार आहे ना, सोनम?"

"हो."

"ती त्याच टेबलावर काम करणार?"

वीरधवलनं कपातल्या चहाकडं पाहिलं. त्यावर साय धरली होती. "मी तिच्याजवळ थांबेन," तो म्हणाला. "एक मिनिटही हलणार नाही."

इतका घाबरलेला तिनं त्याला कधी पाहिला नव्हता. याच माणसानं तिचं पहिलं इंग्रजी भाषण चार वेळा ऐकून घेतलं होतं, तिचा अर्ज रात्र रात्र बसून तपासला होता. आणि खरं तर तिलाही तेच हवं होतं, कुणीतरी गप्प बस म्हणून सांगावं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "वेल्डिंग."

परतीच्या एस.टी.त तिनं डावा डोळा झाकून बाहेर पाहिलं. रस्त्याकडंच्या पाट्या येत होत्या आणि वाचायला जावं तर मधली अक्षरं गिळली जात होती. ठिपका गुरुवारपेक्षा मोठा झालाय की तसाच आहे, हे तिला ठरवता येईना.

मंगळवारी सकाळी सातला अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीत उभे होते.

"आवर. सांगलीला जायचं. डोळ्याचं."

"कशाला अण्णा, मी—"

"आवर."

आई दारात आली. "डोळ्याला काय झालंय?" तिनं विचारलं. "तेच बघाय चाललोय," अण्णा म्हणाले.

एस.टी.नं पलूस मागं टाकलं. मग खिडकीबाहेर बघतच अण्णांनी सुरुवात केली. "आमच्या युनिटला गुंडा म्हणून एक जण हुता. जतकडचा. ड्रायव्हर. मेडिकलला त्याला खालच्या वळी दिसंनात. कॅटेगरी घसरली तर गाडी जाणार, म्हणून रडकुंडीला आला. मी त्याला तक्ता पाठ करून दिला. समद्या वळी. पास झाला."

शिवांजली वाट बघत राहिली. "मग?"

"मग काय. चालवत हुता गाडी." अण्णांनी खिडकीची काच वर सरकवली. "सा म्हयनं चालवली." पुढचं विचारायचं धाडस तिला झालं नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात गर्दी होती. दोन्ही डोळ्यांत थेंब घालून तिला बाकावर बसवलं. तासाभरात बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या की खिडकीतलं ऊन तिला सुयांसारखं टोचायला लागलं. मग एका यंत्रासमोर हनुवटी टेकवून डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढला, आणि डॉक्टरांच्या खोलीत बोलावणं आलं. अण्णाही आत आले.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, मितभाषी होत्या. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर शिवांजलीच्या डोळ्याचा आडवा छेद होता, एकावर एक थरांच्या रेघा. थेंबांमुळं सगळं अंधुक होतं, तरी डाव्या डोळ्यानं तिला तेवढं कळलं. वर्षभर ती असलीच चित्रं बघत आली होती. एक रेघ सलग येत येत मध्यापाशी तुटली होती. बारीकशी फट, आणि भोवती सुजेचा फुगवटा. ते कुठल्या रेणूचं नव्हतं, तिचं स्वतःचं होतं. तिनं खुर्चीचा हात धरला.

"वेल्डिंग वगैरे बघितलंस का? किंवा ग्रहण?" डॉक्टरांनी विचारलं.

"वेल्डिंग," शिवांजली म्हणाली.

"कुठं?"

"घराजवळ. ट्रॉलीचं चाललं होतं."

डॉक्टर थोडा वेळ फोटोकडं बघत राहिल्या. "वेल्डिंगचा त्रास बहुतेक दोन्ही डोळ्यांना होतो. हा एकाच डोळ्यात आहे, आणि एवढ्याशा जागेवर." त्यांनी पेन उचललं. "केसपेपरवर कारणाचा रकाना आहे. तू सांगशील ते मी लिहीन. पण पुढची तपासणी त्यावरच ठरवणार. काय लिहू?"

अण्णा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही, घसाही खाकरला नाही. शिवांजलीला वाटलं, आत्ता वेल्डिंग म्हटलं की हे संपेल. सगळे घरी जातील.

"लेझर," ती म्हणाली. "इन्फ्रारेड. हजार चौसष्ट नॅनोमीटर. चष्मा लावला नव्हता."

आणि मग तिला रडू आलं. रडत रडत तिनं सगळं सांगितलं, स्क्रूपासून कराडच्या चहापर्यंत. डॉक्टरांनी मध्ये फक्त दोन प्रश्न विचारले, पॉवर किती होती आणि किती वेळ. लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "भाजलेली जागा बरोबर मध्यावर नाही, मध्याला अगदी चिकटून आहे. केसभर. सूज उतरली की थोडं सुधारेल. पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. दर महिन्याला दाखवायचं, कारण अशा जागी पुढं नको तिथं रक्तवाहिन्या वाढतात कधी कधी."

"मला परत त्या कामाला जाता येईल?"

"डावा डोळा सांभाळलास तर," डॉक्टर म्हणाल्या.

आतापर्यंत ती एका डोळ्यासाठी घाबरत होती. त्या क्षणापासून दुसऱ्यासाठीही घाबरायला लागली.

बाहेर लिंबाच्या सावलीत अण्णांनी तिला बसवलं, पाण्याची बाटली दिली. ती म्हणाली, "अण्णा, सरांना आत्ताच कळवायला पायजे. घरी गेल्यावर माझ्यानं व्हायचं न्हाई." पण फोन समोर धरला तर अक्षर दिसेना. थेंबांचा अंमल अजून तीन-चार तास राहणार होता.

"मी लिवतो. तू सांग," अण्णा म्हणाले.

सर मूळचे नागपूरचे, त्यामुळं मराठी चालणार होतं. अण्णांनी चष्मा लावला आणि एका बोटानं एकेक अक्षर शोधत लिहायला घेतलं. गुरुवारी दुपारी साडेतीन. लेझर चालू होता. माझा चष्मा कपाळावर होता. प्रत्येक वाक्याला ते थांबायचे आणि लिहिलेलं वाचून दाखवायचे. बापाच्या तोंडून स्वतःची चूक ऐकताना तिच्या अंगावर काटा येत होता.

"त्या वेळी खोलीत मी एकटीच होते," ती म्हणाली.

अण्णांचं बोट थांबलं. "त्याचं नाव घालायचं?"

समोर दवाखान्याच्या दारातून एक म्हातारी डोळ्यावर पट्टी बांधून बाहेर येत होती.

"घाला," ती शेवटी म्हणाली. "सही त्याची होती आणि तो चहाला गेला होता, असं घाला. आणि मला सगळं काम त्यानंच शिकवलं, ते पण घाला. आणि पाच दिवस मी पण लपवलं."

"सोनमचं?"

"जूनमध्ये नवीन मुलगी येणार आहे. तिच्या आधी टेबल नीट करा."

अण्णांनी सगळं पुन्हा एकदा वाचलं. लेझरला त्यांनी 'लेजर' लिहिलं होतं. ते तसंच गेलं.

सरांचा फोन त्याच दिवशी चार वाजता आला. डोळ्याचं विचारून झाल्यावर ते म्हणाले, "केसपेपरचा फोटो पाठव. लॅब आजपासून बंद केली आहे." आवाजात राग होता की काळजी, तिला ओळखता आलं नाही. शिफारसपत्राचं विचारायला तिची जीभ रेटली नाही. थोड्या वेळानं वीरधवलचा फोन आला. "एवढंही थांबता आलं नाही?" एवढंच तो बोलला. तिनं "दादा" म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता.

मधले दिवस कसे गेले ते तिचं तिलाच माहीत. आई दर तासाला डोळ्याकडं बघायची आणि म्हणायची, "नगंच ते बंगळूर. हितंच कालेजात शिकव. कराडला काय कमी कालेजं हायती?" शिवांजलीला ते इतकं पटायला लागलं होतं, की एकदा ती मुलाखतीला येत नाही असं कळवायला फोन घेऊन बसलीही. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग फोन आईजवळ दिला आणि म्हणाली, "सव्वीसपर्यंत मला देऊ नको."

सव्वीस तारखेला वीज जाईल म्हणून अण्णांनी शेजाऱ्याचा इन्व्हर्टर आणून ठेवला होता. अकराला लॅपटॉपवर तीन चेहरे आले, दोन पुरुष आणि एक बाई. सुरुवातीचे प्रश्न बरे गेले. मग बाईंनी एक आलेख दाखवला. त्यात प्रथिनाची पावलं होती, जिन्यासारखी, बारीक चढउतारांच्या गोंगाटात बुडालेली. "किती पावलं दिसतात?" त्यांनी विचारलं. शिवांजलीनं उजवा डोळा मिटला, तेव्हा पायऱ्या नीट दिसल्या. "सात," ती म्हणाली. "पाचवं बहुतेक मागं टाकलेलं आहे."

"डोळा का मिटलास?"

पाठीमागं दाराआड आई उभी होती, तिच्या बांगड्या वाजल्या. शिवांजलीनं सांगायला सुरुवात केली. एकदा सुरू केल्यावर थांबली नाही. बाईंनी मध्येच विचारलं, किरण टेबलापासून किती उंचीवर होता, किरण अडवणारं शटर कुठं होतं, कशावर आपटून उलटा आला असावा. तिनं सगळं सांगितलं. दोघांपैकी वयस्कर गृहस्थ म्हणाले, "एवढं सविस्तर सांगायची गरज नव्हती. डोळा आला आहे म्हणाली असतीस तरी चाललं असतं."

"जोडणी स्वतः करावी लागेल असं जाहिरातीत आहे," ती म्हणाली. "मला ती करता येते. पण आता भीती वाटते, सर. तुम्हाला दोन्ही माहीत असावं."

वयस्करांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "कळवतो," ते म्हणाले, आणि पडदा काळा झाला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात यादी आली. तिचं नाव निवडलेल्या दोघांत नव्हतं. प्रतीक्षा यादीत पहिलं होतं. पुण्याची लॅब पाच आठवडे बंद राहिली. झाकण उघडलं की लेझर आपोआप बंद होईल अशी पेटी टेबलाभोवती बसवल्यावरच ती उघडली, हे सोनमनं कळवलं. वीरधवलचा थीसिस सप्टेंबरवर गेला. शिवांजलीनं त्याला तीन निरोप पाठवले. तिन्ही त्यानं वाचले, उत्तर एकाचंही दिलं नाही. सांगलीच्या दुसऱ्या तपासणीत सूज उतरलेली दिसली. मधला धूर पातळ झाला होता, पण सरळ रेघ त्या जागी येऊन वाकायची, आणि डॉक्टर म्हणाल्या की ती बहुधा आता तशीच राहील.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात निवडलेल्यांपैकी एक जण परदेशी गेला आणि बंगळूरचं पत्र आलं. जागा तिची होती. सोबत दोन अटी होत्या, दर सहा महिन्यांनी डोळ्यांची तपासणी आणि पहिलं वर्ष उघड्या लेझरजवळ एकटीनं थांबायचं नाही.

तिनं पत्र मोठ्यानं वाचलं. आईनं अटी दोनदा वाचायला लावल्या.

"एकटीला सोडणार न्हाईत, असं लिवलंय न्हवं?"

"व्हय."

आईनं मान हलवली, पण चेहऱ्यावरचा ताण गेला नाही. शिवांजलीला आनंद झाला होता, आणि त्याच्या बरोबरीनं मे महिन्यापासून ओळखीची झालेली ती भीतीही होती. तसल्याच काळोख्या खोलीत पुन्हा जायचं होतं. जो उजेड दिसत नाही त्याच्याशेजारी पाच वर्षं बसायचं होतं.

फॉर्म भरताना एका रकान्याशी ती थांबली. काही अपघात झाल्यास कुणाला कळवायचं.

"तुमचा नंबर घालते, अण्णा."

"घाल," अण्णा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "आईचा बी घाल. माझा फोन कवा कवा मोटरीपाशी ऱ्हातो."

तिनं दोन्ही नंबर घातले.